कौसाबाईने मिटवलं नव्हतं

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की लाल कांदा येतो. नाशिकला मुलाच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर बसून मला तो दिसत नाही, पण कळतो. हातगाडीवाला ओरडायच्या आधी जिन्यातून वास वर येतो. उन्हाळ कांद्याला असा वास नसतो, तो कांद्याच्या चाळीत, साठवणीच्या छपरात, सुकून शहाणा झालेला असतो. लाल कांदा ओला, कोवळा आणि भांडखोर. त्याची मान अजून हिरवी असते. सून पिशवी रिकामी करते आणि पापुद्रे पंख्याच्या वाऱ्याने घरभर पळतात. एखादा माझ्या मोज्याला चिकटतो. तो काढायला वाकलो की गुडघे कुरकुरतात, आणि तेवढ्या वेळात मी खळ्यावर जाऊन आलेला असतो.

यंदा त्या वासाबरोबर दोन माणसंही आली. आमच्या बाजारातल्या हमाल युनियनची तरुण मुलं. वर्धापन दिन आहे, स्मरणिका काढायची आहे. "तात्या, मताच्या लढ्यावर तुमचाच लेख पाहिजे. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" नमुना म्हणून त्यांनी मागचा एक अंक आणला होता. त्यात आमच्या लढ्याचा इतिहास होता, माझा हार घातलेला फोटो होता, आणि एक वाक्य होतं. ते वाक्य मी वर्षानुवर्षं भाषणांत आणि चहाच्या ओट्यावर ऐकत आलो आहे. कांदा निवडणाऱ्या महिलांचा मताचा प्रश्न त्यांच्या पुढारी कौसाबाई यांनी व्यापाऱ्यांशी परस्पर तडजोड केल्यामुळे मागे पडला.

हे खोटं आहे. कौसाबाईने काहीही मिटवलं नव्हतं. मिटवलं आम्ही, आणि त्या आम्हीमध्ये पहिला मी. मुलांना म्हटलं, लेख देतो. हा तो लेख. छापतील की नाही ते त्यांनी बघावं.

आमचा बाजार लासलगावएवढा मोठा नाही. तिकडे भाव फुटला की थोड्याच वेळात आमच्याकडे त्याचा पडसाद यायचा. पण मोसमात आमच्याकडेही रस्ता दिसायचा नाही इतके ट्रॅक्टर लागायचे. लिलाव झाला की ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे कांदा निवडायच्या आवारात, रिकामी व्हायची, आणि तिथून पुढे कांदा बायकांच्या हातात. मार्गशीर्षातली थंडी. दवाने ओला ढीग, त्याच्याभोवती गोल बसलेल्या बायका, डोक्यावरून पदर, पदरावरून बारदानाचा तुकडा. मोठा कांदा एका पाटीत, मध्यम गोल्टी दुसऱ्या, अगदी बारकी चिंगळी तिसऱ्या. सडका, फुटका, कोंब आलेला असेल तो मागे फेकायचा. त्याला म्हणायचं खाद. हात इतके भरभर चालायचे की नुसतं बघत राहिलं तर डोळे दुखायचे. ऊब यावी म्हणून कुणी पापुद्र्यांचा जाळ करायची, पण ओला पापुद्रा जळत नाही, नुसता धुमसतो. त्या धुरात आणि कांद्याच्या झणक्यात डोळ्यांतून पाणी वाहतच असायचं. कोण खरोखर रडतंय हे त्यामुळे कधी कळायचं नाही. आता वाटतं, ती आम्हा पुरुषांची मोठीच सोय होती.

कौसाबाई नांदगावकडच्या कोरड्या गावातली. तिकडच्या विहिरी दिवाळीनंतर तळ दाखवायच्या, म्हणून मोसमात ती मुलाला, सुनेला आणि गावातल्या दहाबारा जणींना घेऊन आमच्याकडे यायची. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका भात झोडून झाल्यावर यायच्या आणि खळ्यामागे प्लास्टिकच्या पालांत राहायच्या. त्याही हळूहळू तिच्याच टोळीत मिसळल्या, कारण कौसाबाई व्यापाऱ्याशी भांडू शकायची. उंच, हाडकुळी, कपाळ कोरं. नवरा कधी गेला ते तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. जीभ मात्र तिखट. मी मापारी, म्हणजे पोत्यांचं वजन करणारा. काट्याशेजारी मी स्टुलावर बसलेला दिसलो की ती लांबून ओरडायची, "तात्या, तुमचं बी एकदा वजन करा. बसून बसून लय भरलंय!" आणि सगळ्या ढिगाभोवती हसू फिरायचं.

आमच्या लढ्याची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बाजार समितीच्या कारभारात हमाल-मापाऱ्यांसाठी एक जागा होती. कागदावर. आमच्या वेळी त्या जागेची निवडणूकच होत नव्हती. आमचा म्हणून जो माणूस त्या खुर्चीत असायचा तो व्यापाऱ्यांच्या गादीवर चहा पिता पिता ठरायचा. फार झालं तर हमालांना पटांगणात उभं करून हात वर करायला सांगायचे. समोर शेठ उभे. ज्याचा हात चुकीच्या वेळी वर जाईल त्याला दुसऱ्या दिवशी पोतं मिळायचं नाही. म्हणून नव्वदनंतरच्या त्या वर्षांत आम्ही मागणी धरली: आमचा माणूस आम्ही निवडू, आणि चिठ्ठी पेटीत टाकून निवडू. कुणी कुणाला मत दिलं ते कुणाला कळता कामा नये. दगडूनाना युनियनचे अध्यक्ष, मानेवर पोत्याने आलेली गाठ, आवाज भोंग्यासारखा. मी सेक्रेटरी, कारण मला अर्ज लिहिता यायचे.

एका सकाळी कौसाबाई आमच्या ओट्यासमोर येऊन उभी राहिली. पाटी डोक्यावरच.

"नाना, ही मतं मागताय ती कुनाला मिळनार?"

"ज्याच्याकडं बिल्ला आहे त्याला." बिल्ला म्हणजे समितीचा पितळी परवाना, हमाल तो दंडाला बांधायचे.

"आन बिल्ला कुनाला?"

"हमालाला. मापाऱ्याला."

"मंग आमी कोन? खाद?"

ओट्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. मग उठलो आणि म्हणालो की बाई बरोबर बोलतेय, निवडल्याशिवाय कांदा पोत्यात जात नाही, तेव्हा त्यांनाही बिल्ला आणि मत मिळालंच पाहिजे. त्या दिवशी मी मनापासून बोललो होतो. नानाही हो म्हणाले. मोर्चाला माणसं कमी पडत होती, आणि बायका शेकड्यांनी होत्या.

त्या आल्या. नाशिकच्या कचेरीवर मोर्चा नेला तेव्हा पुढच्या रांगा त्यांच्याच होत्या, डोक्यावर रिकाम्या पाट्या घेऊन. शहरातली माणसं दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन बघत होती, की या बायका विकायला काय घेऊन चालल्यात. पण निवेदनं तिथल्या साहेबाच्या टेबलावर पडून राहिली. शेवटी काम बंद करायचं ठरलं.

युनियनमध्ये आमचं ठरायला वेळ लागला नाही. नानांनी विचारलं, पोरांनी घोषणा दिल्या, झालं. बायकांचं मात्र खळ्याच्या पत्र्याखाली दुपारभर चाललं. कौसाबाई एकेकीचं नाव घेऊन विचारायची, आणि ती बाई तोंडाने "व्हय" म्हणायची. सुरगाण्याकडची एक म्हातारी काही बोलेना. खाली बघून काडीने मातीत रेघा मारत बसली. मी कंटाळून म्हणालो, "कौसाबाई, एकीने काय अडतंय? पुढे चला."

तिने मला बाजूला घेतलं. "तात्या, ती गप हाय म्हंजी नाय म्हनती. मोठ्यांच्या तोंडावर नाय म्हननं आमच्यात बरं दिसत नाय. गप बसलं की समजून घ्यायचं. तिची काय अडचन हाय ती आधी बघू द्या."

अडचण साधी होती. काम बंद झालं तर पालातून उठवतील आणि आजारी सुनेला घेऊन कुठे जायचं, एवढीच. कौसाबाईने तिला आपल्या खोलीत जागा दिली. मग म्हातारी म्हणाली, "व्हय." तेव्हा कुठे बायकांचं ठरलं. मला ही पद्धत फार आवडली. पुढच्या सभेत मी तिच्याबद्दल भाषणात बोललोसुद्धा, की खरी लोकशाही शिकायची तर या बायकांकडून शिका. टाळ्या पडल्या. म्हणजे त्यांचं गप्प बसणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, असं मला कधीच म्हणता येणार नाही.

हमालांच्या काम बंदने व्यापारी हलले नाहीत. पोती उचलायला त्यांनी बाहेरची माणसं आणली. पण निवडायला हात आणणार कुठून? लाल कांदा थांबत नाही. खळ्यांवर ढीग तसेच पडून राहिले, खालून ओल सुटली, आणि मग वास. लाल कांदा सडतो तेव्हा आधी गोडसर वास येतो, मग तो गोडवा नाकाला चिकटतो आणि जेवण जात नाही. ढिगाखालून काळं पाणी वाहायचं आणि त्यावर चिलटं. बाजाराच्या फाटकात बायका थंडीत बसून होत्या. खायला भाकरी आणि खाद. मीठसुद्धा मागून आणलेलं. हाताच्या भेगांत कांद्याचा रस जाऊन बोटं सुजली होती, ती त्या पदरात लपवायच्या. संध्याकाळी कुणीतरी हलक्या आवाजात गाणं धरायची आणि थोड्या वेळाने सोडून द्यायची.

व्यापाऱ्यांनी तेवढ्यात पालं उठवली. डोंगराकडच्या बायकांचं सामान रस्त्यावर आलं. त्या मोडल्या तर सगळंच मोडणार होतं. तेव्हा मी कौसाबाईला म्हणालो, "तू मोठ्या शेठच्या घरी जाऊन बोल. तुझ्याशी तो नीट बोलतो. पालं परत लावू दे म्हणावं, एवढंच."

ती तयार नव्हती. "युनियनच्या मानसानं जावं की. मी एकटी बाई त्याच्या दारात गेली तर लोक काय म्हनतील?"

"मी पाठवलंय म्हणून मी सांगेन लोकांना. तू काळजी करू नको."

ती गेली. शेठने तिला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि पालं परत लावायला हरकत नाही म्हणाला. सडका वास त्याच्याही घरात पोचलेला असणार. ती बाहेर पडली तेव्हा रस्त्यावर आमचे चारसहा हमाल उभे होते. त्यांनी तिला पदराने तोंड पुसत बाहेर येताना पाहिलं.

त्यानंतर लगेचच नाशिकच्या साहेबांचं बोलावणं आलं. नाना आणि मी गेलो. निवडणूक मान्य, गुप्त मतदान मान्य. बिल्ला असलेल्यांना. "बायकांचं पुढच्या वेळी बघू. आत्ता तो विषय काढलात तर सगळंच वर पाठवावं लागेल," साहेब म्हणाले. आम्ही बाहेर आलो. कचेरीच्या आवारात उसाच्या रसाची गाडी होती. रस पिता पिता नाना म्हणाले, "तात्या, खरं सांगू? मला हेच बरं वाटतंय. त्या आपल्यापेक्षा जास्त आहेत. मत मिळालं तर त्या त्यांचीच बाई उभी करतील. ती खुर्चीत बसेल आणि आपण खाली पोती उचलू. चालेल का तुला?"

उभा राहणार होतो मी. हे ठरलेलं होतं. मी रसाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "सभेत मांडावं लागेल."

"मांड की. तूच मांड. तुला बोलता येतं."

सभा लिलावाच्या पटांगणात झाली. मी रिकाम्या ट्रॉलीवर उभा. समोर हमाल, आणि डाव्या हाताला, जरा मागे, बायका. मी साहेबांचं म्हणणं सांगितलं. ते आमच्या हिताचं कसं आहे ते सांगितलं. बायकांचा प्रश्न पुढच्या वेळी नक्की, असं सांगितलं. हमालांत आनंदाची कुजबुज झाली. बायका गप्प झाल्या. एकेक मान खाली गेली. शेकडो बायका जमिनीकडे बघत बसलेल्या मला वरून दिसत होत्या.

आमच्या लिलावात रीत अशी की बोली पुकारली आणि शेतकरी काही बोलला नाही, तर माल गेला. नको असेल तर त्यानेच नको म्हणायचं. आम्ही सगळे त्या रीतीत वाढलेलो. मी हात वर केला आणि लिलाव पुकारतात तसं पुकारलं. "कुणाची हरकत? एक वार... दोन वार..." मी बायकांकडे बघितलं नाही. "तीन वार. ठराव मंजूर."

हमालांनी टोप्या उडवल्या. त्या गोंधळात कौसाबाई उठून पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. ती म्हणाली, "तात्या, आमी व्हय कुठं म्हनलो?"

मी म्हणालो, "नाही तरी कुठं म्हणालात?"

माणसं हसली. माझ्या हजरजबाबीपणाची ती गोष्ट नंतर बरीच वर्षं सांगितली जात होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी दिलेलं उत्तर मला सगळ्यात आधी तिच्या चेहऱ्यावर कळलं, मग माझ्या स्वतःच्या कानात. तोवर मला खांद्यावर उचललं होतं.

पेटीत गुपचूप मत टाकण्यासाठी आम्ही सगळा मोसम लढलो, आणि आमच्यातल्या निम्म्यांहून जास्त माणसांचं मत मी भर पटांगणात, ट्रॉलीवर उभा राहून, लिलावात काढलं. ही गोष्ट मी एवढ्या वर्षांत कुठल्याही भाषणात सांगितलेली नाही.

तिच्यावर बालंट कसं आलं तेही सांगतो. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ओट्यावर एका पोराने विचारलं, "नाना, पण बायकांचं काय झालं हो? त्या तर आपल्याबरोबर होत्या." त्याला खरंच वाईट वाटत होतं. नानांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "तिनंच मिटवलं. शेठच्या घरी चहाला गेली होती, तुम्हीच बघितलं ना?" पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मी तिथेच होतो, हातात बशी. चहा गरम होता, मी फुंकर मारत राहिलो. तिला मी पाठवलं होतं, एवढी चार शब्दांची गोष्ट होती. आत्ता सगळ्यांसमोर नानांना कुठे तोडायचं, नंतर सांगू, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट सगळ्या खळ्यांवर फिरली होती.

बायकांनी ती खरी मानली का? जुन्या बायकांनी मानली नसावी. पण संप मिटल्यावर व्यापाऱ्यांना कुणावर तरी राग काढायचा होता आणि हमालांना कुणावर तरी दोष टाकायचा होता, आणि दोघांना एकच बाई सापडली. तिला कुठल्याही खळ्यावर काम मिळेना. हमाल तिच्या मागे "शेठाणी, शेठाणी" म्हणून ओरडायचे. मोसम संपायच्या आधीच ती निघून गेली. मुलगा आणि सून मागे राहिली.

मतदान झालं तो दिवस मला ऊन-ऊन आठवतो. समितीच्या इमारतीत पडदा लावलेला, पडद्यामागे टेबल, टेबलावर शिक्का. हमाल अंघोळ करून, पांढरे कपडे घालून आले होते. म्हातारा एक हमाल पडद्यामागून बाहेर आला तो रडत होता, म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला आत एकट्याला सोडलं. त्याचं ते रडणं खोटं नव्हतं. तो विजयही खोटा नव्हता. खिडकीतून पलीकडचं खळं दिसत होतं. बायका पाठमोऱ्या बसून कांदा निवडत होत्या. मी निवडून आलो.

खुर्चीत बसल्यावर मी कामं केली. हमालांसाठी शेड झाली, पाण्याची टाकी झाली, संडास झाले. बायकांच्या बिल्ल्यांचा विषय मी दरवर्षी मनात काढायचो. एकदा भाव पडलेले होते, एकदा पाऊस लांबला होता, एकदा नाना आजारी होते. कारण नाही असं एकही वर्ष गेलं नाही. पुढची निवडणूक आली, तीही मी जिंकलो. त्या वेळीही बायका पाठमोऱ्याच होत्या.

ती मला एकदाच भेटली, इगतपुरीला. समितीच्या कामासाठी मुंबईला जाऊन येत होतो, श्रावण होता, घाटात दरड पडली म्हणून गाड्या थांबलेल्या. इगतपुरीचा पाऊस पडत नाही, तो उभाच असतो. मी चहासाठी स्टेशनबाहेर आलो. रस्त्याच्या कामावरच्या बायका टपरीच्या आडोशाला उभ्या होत्या, डोक्यावर इरली. त्यांच्यातल्या एकीने इरलं वर केलं आणि म्हणाली, "तात्या, वजन लय घटलं की तुमचं."

मी तिला चहा दिला. ती फार वाळली होती. डांबराने हात काळे झाले होते. मी काही बोलायचा प्रयत्न केला, कौसाबाई, त्या वेळी असं झालं की. तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

"माजं जाऊ द्या. पोरगा गेला, तुमाला ठावं असंल. सून मंगल तिथंच हाय, त्याच खळ्यावर. तिला हमाल शेठाणीची सून म्हनत्यात. तिच्या पोरीला बी म्हनायला लागलेत. येवढं एक सांगा त्यान्ला. मला तुमी पाठवलं होतं, येवढंच. बाकी काय नगं."

"सांगतो," मी म्हणालो. "गेल्या गेल्या सांगतो."

"तवा बी असंच म्हनला होता," ती म्हणाली. रागाने नाही. आठवण करून द्यावी तसं. मग मुकादमाने हाक मारली आणि ती पावसात गेली.

गेल्या गेल्या मी सांगितलं नाही. निवडणूक जवळ आली होती. नंतर सांगायचं तर आधी का नाही सांगितलं याचं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि ते दर महिन्याला जड होत गेलं. मग कळलं की ती इगतपुरीलाच वारली. कुठल्या पावसाळ्यात तेही कुणाला नीट सांगता आलं नाही. त्यानंतर मला वाटलं, आता सांगून कुणाला काय? माणूस म्हातारा झाला की या वाटण्याला शहाणपण समजतो.

हे सगळं लिहून झाल्यावर मी युनियनच्या मुलांना फोन केला. थोडं वाचून दाखवलं. त्यातला एकजण म्हणाला, "तात्या, अंकात जरा सकारात्मक पाहिजे होतं. नाना आता नाहीत, त्यांच्या घरच्यांना वाईट वाटेल." त्याचं बरोबर आहे, वाईट वाटेल. मी म्हटलं, ठीक आहे, तुम्ही विचार करा. दुसऱ्या दिवशी मुलाला न सांगता एसटी पकडली.

बाजार खूप बदलला आहे. फाटकाला कमान झाली, बारदानाच्या जागी जाळीच्या गोण्या आल्या. खळ्यावर ढीग मात्र तोच आणि बायका तशाच गोल बसलेल्या. मंगलला मी ओळखलं नाही. तिने मला ओळखलं. केस पिकलेत तिचे. शेजारी तिची मुलगी, हात आजीसारखे भरभर चालणारे. मी काठीवर भार टाकून उभ्या उभ्या सांगितलं. शेठच्या घरी कौसाबाईला मी पाठवलं. ठराव बायकांनी मान्य केला नव्हता, मी तसं करून घेतलं. खोटं माझ्यासमोर पसरलं आणि मी पसरू दिलं. बायका ऐकत होत्या, हात चालूच होते. तरुण एकीने विचारलं, "म्हंजी आमाला मत मिळालं असतं?"

"बहुतेक मिळालं असतं," मी म्हणालो. एक कांदा तिने हातात धरला, बराच वेळ, आणि कुठल्या पाटीत टाकायचा ते विसरल्यासारखी बसली.

मंगल म्हणाली, "तात्या, आमाला कशाला सांगताय? आमाला ठावं हाय. सासू सगळं सांगायची. तिच्या तोंडचं कोन मानतंय? तिकडं सांगा, ओट्यावर. ज्यांनी नाव ठेवलंय त्यान्ला."

"जातो," मी म्हणालो.

"एकटे नका जाऊ. मी येते." तिने पाटी बाजूला सारली आणि पदर खोचला. मुलगीही उठली. आम्ही तिघं पटांगण ओलांडून निघालो, माझ्या चालीने, म्हणजे फार हळू.

ओट्यावर पंधरावीस हमाल चहा पीत होते. मला बघून उठून उभे राहिले, तात्या आले, तात्या आले, खुर्ची आणा. मी बसलो नाही. बायका ओट्याच्या पायरीशी थांबल्या. मी सांगायला सुरुवात केली. सगळं सांगितलं, रसाच्या गाडीपासून बशीतल्या चहापर्यंत. कुणी रागावलं नाही. मला वाटलं होतं, रागावतील. एक जुना हमाल माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या तात्या, जुनी गोष्ट झाली. तुम्ही किती केलंय आमच्यासाठी. बसा, चहा घ्या." दुसऱ्याने कप पुढे केला. सगळे माझ्याशी इतक्या मायेने वागत होते की जणू ते सगळं माझ्यावरच गुदरलं होतं. पायरीकडे कुणी बघतही नव्हतं.

तेवढ्यात एक तरणा हमाल बाहेरून आला, खांद्यावर हुक, गोण्यांच्या धुळीने लाल झालेला. गर्दी बघून त्याने विचारलं, "काय झालं? तात्या का आलेत?"

"काय नाही रे," तो जुना हमाल म्हणाला. "सहज भेटायला आलेत."

मंगल पायरीवरून पुढे आली. ओट्यावर बाईने चढायची रीत नव्हती, ती चढली. म्हणाली, "सहज नाय आले. ह्यानं ऐकलं नाय, तात्या. ह्याला बी सांगा."

मी कप खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.